गांडुळाची आंबट माती

एवढंसं गांडूळ होतं. चवळीच्या वाफ्यात राहायचं. मऊ मातीत झोपायचं.

एके सकाळी अंगाला झोंबलं. चुर्र चुर्र!

"आई गं!" गांडूळ बाहेर आलं. बाहेर ऊन येत होतं. उन्हात गांडूळ वाळून जातं.

"माती, माती, माझं मऊ घर दे ना."

माती म्हणाली, "मी आंबट झालेय. चुना आला की गोड होईन. पण तो येईल कशावरून?"

गांडूळ निघालं. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

चुना टोपलीत बसला होता. शिंपले भाजून केलेला, पांढरा पांढरा.

"चुन्या, चुन्या, मातीत चल ना. माती गोड होईना, मला घर मिळेना."

चुना म्हणाला, "मी फार तापट. घागरीने पाणी ओतलं की निवेन, मग येईन. पण ती ओतेल कशावरून?"

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"घागरबाई, घागरबाई, पाणी ओत ना. चुना निवेना, माती गोड होईना, मला घर मिळेना."

घागर म्हणाली, "मथुराकाकूने उचललं की ओतीन. पण ती उचलेल कशावरून?"

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

काकू पायरीवर तांदूळ निवडत होती.

"काकू, काकू, घागर उचल ना. घागर ओतेना, चुना निवेना, माती गोड होईना, मला घर मिळेना."

काकूने डोळे बारीक केले. "माझी माती आंबट? कशावरून? चवळी वाढत नाही खरी, पण मला तर बियाणंच खोटं वाटतंय. आमची कोंबडी दिवसभर माती उकरते. ती सांगेल तर खरं."

ऊन पायरीवर आलं. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक!

कोंबडी चवळीच्या वाफ्यात होती.

"कोंबडीताई, कोंबडीताई, काकूला सांग ना. काकू उचलेना, घागर ओतेना, चुना निवेना, माती गोड होईना, मला घर मिळेना."

कोंबडी गोड गोड बोलली, "सांगते हं. आधी जवळ ये. अजून जवळ. कानात बोल."

गांडूळ थांबलं. त्याने चोचीकडे बघितलं.

"तू मला खाणार नाहीस, कशावरून?"

कोंबडी नुसती मान वाकडी करून बघत राहिली.

सुळुक! गांडूळ चवळीच्या रोपामागे.

टोच! कोंबडीच्या चोचीत रोपच आलं. मुळासकट.

"हाड हाड! माझी चवळी!" काकू धावली. तिने रोप हिसकावलं. पानं पिवळी. मुळं एवढीशी, आखूड.

"अगं बाई! बी नव्हे, मुळंच खुरटलीत. माती खरंच आंबट की!"

मग काकूने घागर उचलली. घागरीने पाणी ओतलं. चुना फसफसला. फस्स! फस्स!

"लांब हो रे, भाजेल," काकू म्हणाली.

गांडूळ घागरीच्या ओल्या बुडाखाली बसलं. चुना निवला. भुरभुर भुरभुर मातीत मिसळला. माती गोड झाली.

"ये रे घरी," माती म्हणाली.

"गोड झालीस, कशावरून?"

गांडुळाने आधी शेपटीचं टोक घातलं. झोंबलं नाही. मग अर्धं अंग घातलं. झोंबलं नाही. मग सुळुक! आत.

कोंबडी बिळापाशी आली. "बाहेर ये ना. एक गंमत सांगते."

आतून आवाज आला,

"कशावरून?"