आधी पदवी की आधी भरती?

बी.ए.ची शेवटची परीक्षा आणि सैन्यभरती नेमकी एकाच आठवड्यात आली. पुढच्या वर्षी सुजितचं भरतीचं वय उलटणार होतं. पण सल्ला देणाऱ्याचं काय जातं? माजी प्राचार्य निकमसर त्याला रोज पारावर गाठायचे. पालुपद एकच, "आधी पदवी, मग फौज!" पोरगं अगदी विटून गेलं.

रविवारी सरांचा सत्कार होता. पासष्टाव्या वर्षी त्यांनी पीएच.डी. मिळवली होती. शाल-श्रीफळ घेऊन सर माइकवर गरजले, "शिक्षणाला वयाची अट नसते! सुजित, ऐकतोयस ना? आधी पदवी!"

सुजित वैतागून उठला. "ऐकलं, सर! पासष्टीत डॉक्टर झालात, आता पासष्टीत भरती होऊन दाखवा. मग मीही आधी पदवी घेतो."

सरांचा हात आपसूक गुडघ्याकडे गेला.