रोमच्या नाण्यांचा हंडा आणि घूस

समुद्रापलीकडच्या रोमहून आलेल्या एका व्यापाऱ्याने फार पूर्वी नदीकाठी सोन्याच्या नाण्यांचा हंडा पुरला आणि तो न्यायला तो परत आलाच नाही. कित्येक शतकांनी त्याच हंड्याला टेकून एका घुशीने बीळ केलं, त्यात ज्वारी साठवली आणि पिल्लं वाढवली.

एकदा दोन माणसं जमिनीवरून एक यंत्र फिरवत आली. बिळावर येताच यंत्र किंचाळलं आणि माणसांनी कुदळी उचलल्या. "मेल्यांना माझ्या ज्वारीचा वास लागला!" म्हणत घुशीने एकेक पिल्लू तोंडात धरून झुडपात नेलं.

तिथून पाहते तो काय, माणसांनी ज्वारी पायाने बाजूला सारली, हंडा उचलला आणि एकमेकांना मिठ्या मारल्या!

घूस चक्रावली. तिने शेजारच्या म्हाताऱ्या साळिंदराला गाठलं. "आजोबा, त्या चकत्या मी चावून पाहिल्यात. नुसते दात दुखले. काय करणार ही माणसं त्यांचं?"

"जाड काचेआड, कुलपात ठेवणार म्हणत होती. कुणाचा हात लागू नये म्हणून."

"आणि ज्याने पुरल्या, त्याने कशाला पुरल्या?"

"आमच्यात गोष्ट सांगतात, की त्यानेही कुणाचा हात लागू नये म्हणूनच पुरल्या."

"मग इथे कुणाचा हात लागत होता? माझं घर का मोडलं?"

साळिंदर अंग खाजवत म्हणालं, "पोरी, मला माणसांची भाषा कळते. माणसं कळत नाहीत."