'समुद्र शांत' सांगणारा निरोप्या

त्या दिवशी आभाळ धड काळं नव्हतं, धड मोकळंही नव्हतं. वारा मधेच सुटायचा, मधेच पडायचा.

किनाऱ्यावरच्या एका गावात हरेश्वर नावाचा एक गृहस्थ होता. मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत एक कॉम्प्युटर होता, त्याच्यावरच सोसायटीची वेबसाइट चालायची, आणि ती हरेश्वर सांभाळायचा. तिच्यात त्याने एक प्लगइन बसवलं होतं. प्लगइन म्हणजे काय, तर एक निरोप्या समजा. त्याने दूरच्या सर्व्हरला विचारायचं, समुद्र कसा आहे, आणि उत्तर आणून पानावर लावायचं. ते बघून होड्या निघायच्या.

हा निरोप्या जातो कुठे, विचारतो काय, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. प्लगइन बनवणाऱ्याने एवढंच सांगून ठेवलं होतं, 'बसवा आणि निश्चिंत राहा.' हरेश्वर निश्चिंत राहिला होता.

आज पानावर होतं, 'समुद्र शांत'. खिडकीतून पाहावं, तर दूरचं पाणी काळवंडलेलं. हरेश्वर बुचकळ्यात पडला. त्याने प्लगइन उघडून आतलं लिखाण वाचलं. काही उमगेना. मग गावाचं नाव काढून घाटावरच्या एका गावाचं नाव घातलं. तरी 'समुद्र शांत'!

"घाटावर कुठला आलाय समुद्र?" तो स्वतःशीच पुटपुटला.

तेवढ्यात शेजारची मथुराकाकी दारात आली. तिचा लेक गणोजी होडीत डिझेल भरत होता.

"काय रे, काय म्हणतंय तुझं यंत्र? सोडू ना पोराला? कधी चुकत नाही म्हणून सांगत फिरतोस गावभर!"

'शांत आहे' हे शब्द हरेश्वरच्या ओठांवर आलेच होते. गावभर सांगून झालेलं, आता माघार कशी घ्यायची?

"थांब जरा, काकी." त्याने इंटरनेटची वायर उपटली आणि पान पुन्हा उघडलं.

'समुद्र शांत'.

आता कुठे त्याला थोडं उमजलं. सर्व्हरकडून उत्तर येणं बंद झालं होतं. रिकाम्या हाताने आलो असं म्हणायचं सोडून निरोप्या कधीचं तरी जुनंच उत्तर वाचून दाखवत होता. बंद का झालं, कधीपासून झालं, ते काही त्याला कळेना.

"काकी," तो खाली मान घालून म्हणाला, "समुद्र कसा आहे ते मला माहीत नाही. ह्यालाही नाही. हा ठोकून देत होता आणि मी मान डोलावत होतो."

काकी तडक धक्क्यावर गेली आणि तिने हे सगळ्यांना सांगितलं. "मग कॉम्प्युटर घेतला कशाला, हार घालायला?" म्हणून होडीवाले कुरकुरले. पण होड्या हलल्या नाहीत. दुपारी समुद्र धक्का ओलांडून आत आला.

तात्पर्य: उत्तर आलं नसेल तर आलं नाही असंच सांगावं, जुनं उत्तर नवं म्हणून देऊ नये. मथुराकाकी त्या रात्री हरेश्वरला एवढंच म्हणाली, "तू माहीत नाही म्हणालास, म्हणून माझं पोर आज घरात जेवतंय रे बाबा."