खांबेट्यांचं लक

आमच्या सोसायटीत शेडखाली गाडी लावायला जागा एकच, आणि दरवर्षी चिठ्ठी काढली की नाव निघायचं चेअरमन खांबेट्यांचं. आमच्या गाड्या उन्हात भाजायच्या आणि हा गृहस्थ वर खांदे उडवून म्हणायचा, “लक ऑफ द ड्रॉ! बेटर लक नेक्स्ट टाइम!” ऐकून ऐकून कान किटले होते.

यंदा गुप्तेवहिनी उठल्या. “आज उलटं करू. ज्याचं नाव निघेल तो बाद. शेवटी उरेल त्याची जागा.”

“कशाला उगाच?” म्हणत खांबेट्यांनी चिठ्ठ्यांची बरणी पोटाशी धरली. वहिनींनी ती ओढून घेतली.

पहिली चिठ्ठी खांबेट्यांची. दुसरी खांबेट्यांची. तिसरीही त्यांचीच.

“अरेरे, हार्ड लक, साहेब!” वहिनी म्हणाल्या. “तीनदा बाद झालात. उरलेल्या चिठ्ठ्या आता तुम्हीच वाचा.”