आवडाईचा लाल भात

फार वर्षांपूर्वी, तांदूळ उखळात कांडून सडायचे दिवस होते तेव्हा, कोकणातल्या खोलवाडीत आवडाई नावाची गवळीण राहत होती. नवरा गेलेला, पदरात एक मुलगी आणि गोठ्यात चार म्हशी. त्या वेळी गावाला पांढऱ्या भाताचं खूळ लागलं होतं. खोताच्या पंगतीत पांढराशुभ्र भात पाहिला आणि जो तो तांदूळ तीन-तीनदा सडायला लागला. लाल कोंडा गेला म्हशींच्या आंबोणात, उरलं ते माणसांच्या ताटात. तेव्हापासून माणसं मारकी झाली आणि म्हशी इतक्या शांत, की शेपटी मारायच्याही विसरल्या, असं म्हणतात. हे एकट्या आवडाईच्या ध्यानात आलं. ती बोलून दाखवी आणि लोक तिलाच खुळी म्हणत.

मग तिच्या लेकीचं लग्न ठरलं. हळद लागली, वऱ्हाड आलं आणि नवऱ्यामुलाचा बाप धाकोजी रुसला. कारण काय, तर मानाचा नारळ लहान निघाला! त्यानं मांडवाकडे पाठ फिरवली. आवडाईला लेकीचा घोर लागला. हळद लागलेली पोर तशीच राहिली, तर पुन्हा तिला मागणी कोण घालणार?

पण गावाची एक रीत होती. रुसलेल्या व्याह्याला रुसवा निघेपर्यंत मुलीकडच्यांनी जेवू घालायचं, आणि त्यानंही दुसऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. आवडाईनं पदर खोचला. एकदाच सडलेल्या तांदळाचा लाल भात, कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी, शेवग्याचा पाला. ताट बघून धाकोजी भडकला.

"विहीणबाई, म्हशींचं खाणं मला वाढता?"

"म्हशी अजून कुणावर रुसल्या नाहीत, व्याहीबुवा. जेवा."

पहिल्या दिवशी तो जेवला आणि शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी जेवला आणि शिव्या द्यायच्या आधीच त्याला झोप लागली. घोरण्यानं कौलं सरकली, असं म्हणतात. तिसऱ्या दिवशी पोट साफ झालं, कपाळावरची आठी गेली, आणि वऱ्हाडात आलेल्या, सात वर्षं अबोला धरलेल्या सख्ख्या भावाला त्यानं आपल्या हातानं पिठी वाढली. चौथ्या दिवशी तो गोठ्यात म्हशीशी गप्पा मारताना सापडला. म्हैस मान डोलावत होती म्हणे. इकडे आवडाईला मात्र लेकीची फिकी पडत चाललेली हळद बघवेना. तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

पाचव्या दिवशी धाकोजी डोकं खाजवत तिच्यापुढे उभा राहिला.

"विहीणबाई, मी रुसलो होतो कशासाठी हो?"

आवडाईनं सांगितलं नाही. तेवढी ती शहाणी होती.

"आजचा मुहूर्त चांगला आहे, चला," एवढंच म्हणाली. अक्षता पडल्यावर ती गोठ्यामागं जाऊन पोटभर रडली, आणि मग पोटभर जेवली.

अजूनही खोलवाडीत अक्षतांच्या आधी दोन्ही व्याह्यांना शेजारी शेजारी बसवून लाल भात वाढतात. त्याला आवडाईची पंगत म्हणतात. ताट रिकामं होईपर्यंत मानपानाचा शब्द काढायचा नाही. शहरातला एखादा पाहुणा हसतो आणि विचारतो, भातानं कुठं माणूस बदलतो का? गावच्या बाया त्याच्याशी वाद घालत नाहीत. त्याच्यासाठीही पान मांडतात.