उसना हात

एकदा एक वृद्ध तांबट होते. त्यांच्या हाताखाली दोघे जण तांब्याची भांडी घडवायला शिकत होते. थोरला मल्हारी, अंगापिंडाने दणकट. त्याचा घाव पडला की तांबे निमूट वाकत असे. धाकटा विश्राम, हाताने इतका हलका की त्याचा घाव पडला की नाही, हे ऐरणीलाच विचारावे लागे.

त्या कारखान्याची एक रीत होती. तीन वर्षे शिकून झाली की शिष्याने एकट्याने एक घागर घडवायची. दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली की गुरू तिच्यात पाणी भरीत. पाणी टिकले तर तो कारागीर, झिरपले तर त्याने घरची वाट धरायची. मल्हारीची घागर आधीच टिकली होती; यंदा विश्रामची पाळी होती. त्याला बाप नव्हता आणि दुसरी विद्याही नव्हती. घागर फसली तर गावी जाऊन लोकांची गुरे वळण्यावाचून त्याला गती नव्हती.

म्हणून त्याने मल्हारीकडे पाहून पाहून त्याची बैठक उचलली, त्याचा जड हातोडा मागून घेतला आणि त्याच्यासारखेच दात-ओठ खात घाव घालू लागला. पहिली घागर पोटाशी फाटली. दुसरी बुडाशी. तिसरी दसऱ्याच्या आदल्या सकाळी गळ्याशी चिरली. विश्रामने कोणालाही दोष न देता आपले गाठोडे बांधले आणि गुरूंच्या पाया पडायला गेला.

गुरूंनी आशीर्वाद दिला नाही. त्यांनी फळीवरचे एक जुने गंगाळ खाली काढले. ते त्यांच्या गुरूंच्या हातचे होते. वर्षानुवर्षे घासून त्याचा पत्रा पानासारखा पातळ झाला होता आणि एका बाजूला मोठा पोचा आला होता. त्याला ते कोणाला हातही लावू देत नसत. ते विश्रामपुढे ठेवून ते म्हणाले, "जाण्याआधी एवढा पोचा काढून दे."

मल्हारीला राहवले नाही. ज्याला नवे तांबे पेलत नाही, त्याच्या हाती हे देणे बरे नव्हे, असे तो स्पष्टच बोलला. त्याचे काही चुकलेही नव्हते. गुरू मात्र ओट्यावर जाऊन स्वस्थ बसले.

विश्रामने गंगाळ ऐरणीवर घेतले. या पत्र्यावर मल्हारीसारखा घाव घालायची त्याची छातीच होईना. त्याने जड हातोडा बाजूला ठेवला, एक छोटी लाकडी हातोडी घेतली आणि भीत भीत, कडेकडेने, टिचक्या माराव्यात तसे तो ठोकत राहिला. दुपार टळली तेव्हा पोचा कुठे होता, ते बोटाला सांगता येईना.

गुरूंनी गंगाळावरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरून आले.

"विश्राम, त्या तीन घागरी तुझ्या हातून फुटल्या नाहीत," ते म्हणाले. "तू मल्हारीचा हात उसना आणला होतास, त्याने फुटल्या. त्याचा हात त्याच्या खांद्यावरच शोभतो. आज भीतीने का होईना, तुझा स्वतःचा हात कामाला लागला. चूक माझीही आहे. तुझा हात हलका आहे हे मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं, पण मी त्याला दोष समजत राहिलो. आता घागर कर, तुझ्या हातानं. लागू देत महिने. पाणी पुढच्या दसऱ्याला भरू."

 विश्रामने गाठोडे सोडले.

आपणही कामाच्या जागी शेजाऱ्याचा हातोडा उचलतो आणि फुटलेल्या घागरीपाशी स्वतःला कोसत बसतो.

दसऱ्याच्या सकाळी पूजा आटोपली. मल्हारी घुटमळत विश्रामपाशी आला. त्याच्या हातात पंच्यात गुंडाळलेले एक ताम्हन होते. त्याची आई रोज त्यात देव धूत असे. ती गेली त्या वर्षी ते पडून वाकडे झाले होते, आणि इतका मोठा कारागीर असून त्याला आपल्या घावाखाली ते घेण्याचे धैर्य झाले नव्हते.

"आईचं आहे," तो खाली पाहत म्हणाला. "जरा हळू मार."

विश्रामने ते दोन्ही हातांनी घेतले.

"दादा," तो म्हणाला, "मला तेवढंच येतं."