मुडपलेल्या पायाची साळुंकी

एका राज्यात, जिथं दिवस उगवायचा पण ऊन काही पडायचं नाही, तिथं आवडाई नावाची नक्षीकारीण राहत होती. ती कागदावर पक्षी काढायची, आणि लोक ते कापडावर उतरवून न्यायचे. रीत अशी होती, की ज्याला नक्षी हवी त्यानं तिच्या उंबऱ्याशी यावं आणि विचारावं, "हात कुणाचा?" ती म्हणायची, "हात आवडाईचा." मग पक्ष्याचा रिकामा ठेवलेला डोळा ती भरून द्यायची. त्या डोळ्यात तिच्या नजरेचा एक कण जायचा. विचारून नेलेला कण दुसऱ्या सकाळी परत यायचा. न विचारता नेलेला परत यायचा नाही. त्या राज्यात याचं कुणाला नवल वाटत नसे.

एकदा राणीनं रीतीनं विचारून एक शाल नेली. शालीवर साळुंकी होती, एक पाय पोटाशी मुडपून उभी.

दरबारात धूम्रनाथ नावाचा मांत्रिक होता. त्याच्या फुंकरीत विद्या होती. एका कापडावरची नक्षी तो फुंकायचा, ती दुसऱ्या कापडावर जाऊन बसायची, आणि पहिलीही जागची हलायची नाही. त्यानं शाल पाहिली आणि फुंकर घातली. साळुंकी निशाणांवर बसली, घोड्यांच्या झुलींवर बसली, मिठाच्या पोत्यांवर बसली, शेवटी पायपुसण्यांवरही बसली. कुणी विचारलंच, तर तो सांगायचा, नक्षी माझी.

इकडे आवडाईची नजर धुरकटत चालली. आधी सुईचं नेढं दिसेना, मग तळहाताच्या रेषा, मग घराचं दार. वैद्यानं अंजन घातलं, उतार पडला नाही. तिच्या विहिरीच्या काठावर एक लंगडी साळुंकी रोज यायची. ती एके दिवशी बोलली.

"बाई, तुझी नजर दुखण्यानं गेली नाही. ती बाजारात मिठाच्या पोत्यांवर बसलीय."

आवडाई उठली. मग काठी घेतली, साळुंकीला खांद्यावर बसवलं, आणि वाट चाचपत राजवाड्यात गेली.

राजानं तिचं सगळं ऐकून घेतलं. मग मांत्रिकाला विचारलं. मांत्रिक हसला.

"महाराज, नक्षी म्हणजे वारा. एकदा सुटला की सगळ्यांचा. आणि हिचा कागद हिच्या घरीच आहे की. मी हिचं नेलं काय?"

"नजर नेलीस, बाबा," आवडाई म्हणाली.

राजाला काही उमगेना. त्यानं तीनदा पारख करायचं ठरवलं. जो हरेल त्यानं पुन्हा नक्षीचं नाव काढायचं नाही. आवडाईजवळ उजेड उरला होता तो चिमूटभर. हरली, तर तोही पोत्यांवर जाणार होता.

पहिली पारख, शालीवरच्या साळुंकीची पिसं किती ते सांगायचं. धूम्रनाथानं एका दमात सांगितली, एकशे बारा. आवडाईनं बोटांवर मोजत, थांबत थांबत सांगितली, तीही एकशे बारा.

दुसरी पारख, भिंतीवर साळुंकी उठवायची. धूम्रनाथानं फुंकर घातली, शंभर साळुंक्या ओळीनं बसल्या. आवडाईनं कोळसा घेतला. रेघ कुठं जातेय ते दिसेना, चोच एकीकडे आणि शेपूट दुसरीकडे गेलं. कुणीतरी म्हणालं, म्हातारीनं कोंबडी काढली. दरबार हसला. आवडाईनं कोळशाचे हात पदराला पुसले.

तिसऱ्या पारखीला राजा म्हणाला, "आता तूच विचार."

आवडाई मांत्रिकाकडे वळली. तो कुठं उभा आहे ते तिला नीट दिसतही नव्हतं.

"तिनं पाय का मुडपलाय, तेवढं सांग."

धूम्रनाथानं शालीकडे पाहिलं. पिसं त्यानं मोजली होती, रंग जोखले होते. हे मात्र त्यानं कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"शोभेसाठी," तो म्हणाला.

"काटा रुतला होता या माझ्या खांद्यावरच्या साळुंकीला. मी काढायला गेले तर उडून जायची. म्हणून कागदावर तिचा पाय वर धरला. म्हटलं, निदान तिथं तरी टेकायला नको."

इतकी वर्षं त्या पायाला साळुंकीनं कुणाचा हात लागू दिला नव्हता. आज खांद्यावरून उतरली आणि आपण होऊन पाय पुढं केला. राजानं वाकून पाहिलं. कातडीखाली काळा काटा होता, जुना. आवडाईनं नखांनी चाचपून तो ओढला.

त्याच घडीला शालीवरच्या साळुंकीनं पाय खाली टेकला. निशाणांवरच्यांनी टेकला, झुलींवरच्यांनी टेकला, बाजारात पोत्यांवरच्यांनीही टेकला. सगळ्या राज्यानं पाहिलं. धूम्रनाथानं पुन्हा फुंकर घातली. नुसता वारा निघाला.

राजानं विचारलं, याला शिक्षा काय द्यायची?

"शिक्षा नको. यानं माझ्या उंबऱ्याशी यावं आणि विचारावं. एकेका कापडासाठी वेगळं. आधी विचारलं असतं, तर आधीच दिलं असतं."

तेव्हापासून तो रोज येऊ लागला. ऊन नसलेल्या अंगणात उभा राहून विचारायचा, "हात कुणाचा?" दर विचारण्यामागं नजरेचा एक कण परत यायचा. असा तो सात वर्षं आला. पण जी कापडं तोवर फाटून गेली, कुजली, त्यांचं विचारणार कसं? त्यांच्यातली नजर गेली ती गेलीच.

राज्यात रीत पुन्हा बसली. ज्याचा हात त्याचं नाव आधी घ्यायचं, मग कापड अंगाला लावायचं. सातव्या वर्षाच्या अखेरीस आवडाईला विहिरीचा काठ दिसू लागला, त्यावरची साळुंकी मात्र दिसली नाही. नुसती फडफड ऐकू आली.

"पाय कसा आहे गं?" तिनं विचारलं.

"टेकलाय, बाई."